दिल्लीचा ब्राह्मण म्हणून अमेरिकेला भुरळ घालणारा कोर्ला पंडित खरा कोण होता?

१९४९ चं साल. लॉस एंजेलिसमध्ये टीव्ही अजून नवा होता. तिथल्या केटीएलए या वाहिनीवर रोज पंधरा मिनिटांचा एक कार्यक्रम लागायचा. पडद्यावर एक देखणा तरुण दिसायचा. डोक्याला पांढरा फेटा, फेट्याच्या बरोबर मध्ये चमकणारा खडा आणि थेट कॅमेऱ्यात रोखलेले मोठे काळेभोर डोळे. एक हात ऑर्गनवर, दुसरा पियानोवर. बोटांकडे तो क्वचितच बघायचा. आणि संपूर्ण कार्यक्रमात एक शब्दही बोलायचा नाही.

त्याचं नाव कोर्ला पंडित. ओळख अशी करून दिली जायची की, याचा जन्म नवी दिल्लीचा, वडील ब्राह्मण, आई फ्रेंच ऑपेरा गायिका. लहानपणी इंग्लंडमार्गे तो अमेरिकेत आला आणि शिकागोत शिकला. प्रेक्षकांनी, विशेषतः घरी असणाऱ्या गृहिणींनी, त्याला डोक्यावर घेतलं. पत्रांचा पाऊस पडू लागला.

आता ही माहिती एखाद्या मराठी माणसाने वाचली असती तर लगेच शंका आली असती. कोर्ला हे नाव आपल्याकडे कुणी ठेवल्याचं ऐकलंय का? खडा लावलेला असा फेटा संस्थानिकाला शोभेल, दिल्लीच्या ब्राह्मण घरातल्या मुलाच्या डोक्यावर तो कसा आला? आणि हा गडी जन्मला १९२१ मध्ये. नवी दिल्ली तेव्हा बांधून व्हायची होती, तिचं उद्घाटन झालं १९३१ मध्ये.

पण अमेरिकेत हे प्रश्न विचारायला होतंच कोण? त्यामुळे हे गुपित पन्नास वर्षं टिकलं. कोर्ला पंडितचं खरं नाव होतं जॉन रोलंड रेड, आणि तो होता अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातला एक कृष्णवर्णीय मुलगा.

पाद्र्याचा मुलगा

जॉनचा जन्म १६ सप्टेंबर १९२१ रोजी सेंट लुईस शहरात झाला. वडील बाप्टिस्ट चर्चचे पाद्री. घरात भावंडं बरीच आणि बहुतेकांच्या हातात संगीत. मोठा भाऊ पुढे जॅझ पियानोवादक झाला. जॉन तर लहानपणापासून एकदा ऐकलेली चाल जशीच्या तशी वाजवून दाखवणारा.

त्याचं बरंचसं बालपण मिसुरीतल्याच कोलंबिया या गावी गेलं. या गावाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या तरी तिथलं वातावरण कळेल. १९२३ मध्ये जेम्स स्कॉट या कृष्णवर्णीय माणसावर आरोप झाला. खटला उभा राहण्याआधीच गोऱ्या जमावाने त्याला तुरुंगातून बाहेर काढून पुलावरून फासावर लटकवलं. स्कॉट तिथल्या विद्यापीठात सफाईचं काम करायचा. त्याच विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला पहिला प्रवेश मिळाला १९५० मध्ये. म्हणजे गावात विद्यापीठ होतं, पण जॉनसाठी त्याचं दार बंद होतं.

१९४० च्या आसपास जॉन नशीब काढायला लॉस एंजेलिसला गेला. त्याच्या बहिणीने तिथे चित्रपटात काम मिळवलं होतं. फ्रान्सिस रेड हे तिचं नाव. 'मिडनाइट शॅडो' या १९३९ च्या, सगळे कलाकार कृष्णवर्णीय असलेल्या चित्रपटात ती होती. गंमत म्हणजे त्याच चित्रपटात फेटा बांधून मनातलं ओळखणारा एक राजपुत्रही आहे. फेट्याची जादू रेड कुटुंबाने अशी जवळून पाहिली होती.

आधी मेक्सिकन, मग भारतीय

हॉलिवूडमध्ये संगीताला तोटा नव्हता, पण वाट सोपी नव्हती. लॉस एंजेलिसमध्ये संगीतकारांच्या संघटना दोन होत्या, गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी. चांगल्या पैशांची रेडिओ आणि स्टुडिओतली कामं गोऱ्यांच्या संघटनेकडे जायची. या दोन संघटना एक व्हायला १९५३ साल उजाडलं.

जॉनचा रंग उजळ होता, केस सरळ करता येत होते. त्याने नाव घेतलं हुआन रोलँडो आणि तो मेक्सिकन म्हणून वाजवू लागला. कामं मिळू लागली.

याच काळात त्याची भेट बेरिल डीबीसन हिच्याशी झाली. ती डिस्ने स्टुडिओत चित्रकार होती आणि गोरी होती. कॅलिफोर्नियात तेव्हा गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या लग्नाला कायद्याने बंदी होती. ती बंदी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उठवली १९४८ मध्ये. या दोघांनी १९४४ मध्ये सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात लग्न केलं.

कोर्ला पंडित हे पात्र या नवरा-बायकोने मिळून घडवलं. फेटा, खडा, डोळ्यांचा मेकअप, जन्मकथा, सगळं. बेरिलची चित्रकाराची नजर इथे कामी आली. १९४८ मध्ये 'चंदू द मॅजिशियन' या रेडिओ मालिकेचं ऑर्गनसंगीत तो करू लागला. चंदू हा पूर्वेकडे जाऊन योगविद्या शिकून आलेला अमेरिकन नायक. अशा मालिकेला भारतीय वादक शोभून दिसणारच.

फेटाच का?

एखाद्या कृष्णवर्णीयाने भारतीय व्हायचं का ठरवावं? आपल्याला विचित्र वाटेल, कारण भारतीय माणूसही अमेरिकेत गोरा गणला जात नव्हता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट सांगितलं होतं. भारतीयांना नागरिकत्व मिळण्याची सोय १९४६ च्या कायद्याने झाली, आणि तीही कशी, तर भारतातून वर्षाला जेमतेम शंभर माणसांना स्थलांतराची मुभा.

पण कायदा एक आणि रोजचा व्यवहार दुसरा. अमेरिकेत भारतीय होते काही हजारच. त्यामुळे सामान्य अमेरिकन माणसाने भारतीय पाहिला होता तो फक्त सिनेमात, महाराजा नाहीतर जादूगार म्हणून. फेटेवाला म्हणजे दूरदेशीचा पाहुणा, आणि पाहुण्याला हॉटेलातून हाकलत नाहीत.

याचा एक नमुना १९४७ मध्ये सगळ्या देशाने वाचला. न्यूयॉर्कचे कृष्णवर्णीय पाद्री जेसी राउटे यांना अलाबामा राज्यात पूर्वी अपमान सोसावा लागला होता. यावेळी ते डोक्याला फेटा गुंडाळून आणि परदेशी हेल काढून तिथे गेले. जिथे त्यांना एरवी दारात उभं केलं नसतं, तिथे त्यांना मानाने बसवून जेवण वाढलं गेलं. राउटे यांनी हा प्रयोग काही दिवस केला आणि मग सगळ्यांना सांगून टाकला. जॉन रेडने तो पन्नास वर्षं केला आणि कुणालाच सांगितला नाही.

आणि मग आलं टिकी

कोर्ला पंडितला आज ज्या संगीताचा एक आद्य पुरुष मानतात, ते समजून घ्यायला जरा लॉस एंजेलिसच्या एका बारमध्ये जावं लागेल.

१९३० च्या दशकात अर्नेस्ट गँट नावाच्या माणसाने हॉलिवूडमध्ये 'डॉन द बीचकोंबर' हा बार उघडला. आत बांबू, वेताच्या खुर्च्या, मासे पकडायची जाळी, मंद दिवे आणि रमची कॉकटेल्स. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर गेल्याचा भास व्हावा अशी सजावट. पुढे त्यात लाकडी कोरीव मूर्ती आल्या. माओरी आणि इतर पॉलिनेशियन लोकांत अशा मानवाकृती मूर्तीला टिकी म्हणतात. तिकडे ती पूर्वजांशी, श्रद्धेशी जोडलेली गोष्ट. अमेरिकेत ती बारची शोभा झाली आणि या सगळ्या फॅशनलाच टिकी नाव पडलं.

दुसऱ्या महायुद्धात लाखो अमेरिकन सैनिक पॅसिफिकमध्ये लढून आले. घरी परतल्यावर त्यांना युद्ध विसरायचं होतं, पण माडाची झाडं आणि समुद्रकिनारा आठवत होता. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं. या सगळ्यामुळे टिकी बार गावोगावी निघाले. आणि बार म्हटला की संगीत आलंच.

या संगीताला एक्झॉटिका म्हणतात. १९५१ मध्ये लेस बॅक्स्टर याने 'रिच्युअल ऑफ द सॅव्हेज' ही रेकॉर्ड काढली. त्यातली 'क्वाएट व्हिलेज' ही रचना पुढे मार्टिन डेनी याने आपल्या छोट्या वाद्यवृंदासह होनोलुलूच्या एका हॉटेलात वाजवायला सुरुवात केली. बारशेजारी तळं होतं, तळ्यात बेडूक होते. संगीत सुरू झालं की बेडूक ओरडायचे, थांबलं की गप्प. हे ऐकून तालवादक ऑगी कोलोन याने गमतीने पक्ष्यांचे आवाज काढले. लोकांना ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापासून फर्माईश येऊ लागली. १९५७ मध्ये डेनीची 'एक्झॉटिका' ही रेकॉर्ड आली आणि १९५९ मध्ये ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली.

हे संगीत ओळखायचं कसं? संथ लय. पियानोच्या किंवा बासच्या खालच्या पट्टीत पुन्हा पुन्हा येणारा एकच तुकडा. त्यावर व्हायब्राफोनचे लांबत जाणारे, थरथरणारे सूर. बोंगो, काँगा आणि खरखरणारं ग्विरो. मधूनच पक्ष्याची शीळ. गाणं असलं तरी बहुधा शब्द नाहीत, नुसता आलाप. पन्नास-साठच्या दशकातल्या हिंदी चित्रपटातली क्लबमधली गाणी आठवा, मंद दिव्यात बोंगो आणि व्हायब्राफोन वाजतात तशी, म्हणजे साधारण अंदाज येईल.

त्याचा भाव दुहेरी असतो. एकीकडे निवांतपणा, दुसरीकडे किंचित धोक्याची चाहूल. झाडीत काहीतरी आहे, पण ते तुमच्यापर्यंत येणार नाही, कारण तुम्ही सोफ्यावर बसला आहात. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे, हे संगीत कुठल्याच खऱ्या जागेचं नसतं. हवाईचं पारंपरिक संगीत पूर्णपणे वेगळं आहे. एक्झॉटिकात हवाई, क्युबा, जपान, आफ्रिका, भारत सगळं एकाच पेल्यात ढवळलेलं असतं. नकाशावर नसलेल्या देशाचं हे संगीत.

कोर्ला पंडित नकाशावर नसलेल्या अशाच एका भारतातून आला होता, आणि डेनीच्या रेकॉर्डच्या आठ वर्षं आधीच तो टीव्हीवर पोचला होता.

ऑर्गनमधून पूर्व कशी उभी केली?

त्याचं मुख्य वाद्य हॅमंड ऑर्गन. हे विजेवर चालणारं वाद्य १९३५ मध्ये बाजारात आलं. त्याला भाता नसतो की नळ्या नसतात. आत दातेरी चकत्या फिरतात आणि त्यांच्यापासून विजेच्या लहरी तयार होतात. कळांच्या वर दांड्या असतात. कुठली दांडी किती ओढली यावर आवाजाचा पोत ठरतो, कधी बासरीसारखा, कधी सनईच्या जवळ जाणारा. त्यात कंप मिसळला की सूर लाटेसारखा हेलकावतो.

चर्चमध्ये आणि कपड्यांच्या दुकानांत वाजणाऱ्या या वाद्यातून कोर्लाने वाळवंट, राजवाडे आणि नर्तकी उभ्या केल्या. कळांवर हलके, तुटक आघात करून तो ऑर्गनमधूनच ढोलासारखा ठेका काढायचा. त्याच वेळी दुसऱ्या हाताने पियानोवर सुरावट. एकटा माणूस आणि आवाज अख्ख्या वाद्यवृंदाचा.

तो वाजवायचा काय? 'साँग ऑफ इंडिया' त्याची आवडती रचना. ती आहे रिम्स्की-कॉर्साकॉव्ह या रशियन संगीतकाराच्या ऑपेरातली. दुसरी 'मिसर्लू', पूर्व भूमध्य समुद्राकडची लोकप्रिय चाल. या 'मिसर्लू'ची गंमत आपल्याला चटकन कळेल. तिचे मुख्य स्वर पेटीवर वाजवून पाहिले तर कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, कोमल ध आणि शुद्ध नी सापडतात. म्हणजे आपल्या भैरव थाटाचेच स्वर. कोमल रे आणि शुद्ध ग यांच्यामधली ती मोठी उडी पाश्चात्त्य कानांना ताबडतोब पूर्वेकडची वाटते. अर्थात स्वर तेच असले म्हणून राग होत नाही. भैरव आपण पहाटेच्या गंभीर वातावरणात ऐकतो. इथे तेच स्वर मंद दिव्यातल्या कॉकटेलबरोबर यायचे.

न बोलण्यातलं शहाणपण

केटीएलएवर कोर्लाचे सुमारे नऊशे कार्यक्रम झाले. त्याचं मौन गूढ वाटायचं, पण ते सोयीचंही होतं. तोंड उघडलं असतं तर मिसुरीचा हेल ऐकू आला असता.

आज मागे वळून पाहताना कळतं की, अमेरिकन टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम असणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीयांपैकी तो एक होता. तो मान सहसा हेझल स्कॉट या पियानोवादक स्त्रीला देतात. तिचा कार्यक्रम आला १९५० मध्ये. पुढे नॅट किंग कोलसारख्या लाडक्या गायकाचा कार्यक्रम १९५६ मध्ये सुरू झाला आणि देशभरातला प्रायोजक न मिळाल्याने वर्षभरात गुंडाळला गेला. कोलची लोकप्रियता कमी नव्हती, कातडीचा रंग आड आला. कोर्लाला ही अडचण आली नाही, कारण त्याचा रंग काय आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. म्हणून त्याचा विक्रम कुठे नोंदलाही गेला नाही.

१९५१ मध्ये तो स्नेडर या कंपनीसाठी देशभर दाखवायच्या छोट्या संगीतफिती करू लागला. पण करारावरून बिनसलं आणि तो बाहेर पडला. कंपनीने त्याच्या जागी दुसरा पियानोवादक घेतला, लिबेराची. तोही कॅमेऱ्यात बघून हसायचा. पुढे लिबेराची अमेरिकेतल्या सर्वात श्रीमंत कलाकारांपैकी एक झाला. कोर्ला सॅन फ्रान्सिस्कोकडे गेला, तिथल्या टीव्हीवर वाजवू लागला, रेकॉर्ड काढू लागला.

खऱ्या भारताशी त्याचा संबंध आलाच नाही असं नाही. 'योगी कथामृत' लिहिणारे परमहंस योगानंद लॉस एंजेलिसमध्येच राहायचे. त्यांची आणि कोर्लाची ओळख होती. १९५२ मध्ये योगानंदांच्या अंत्यविधीला कोर्लाने ऑर्गन वाजवला. पुढे तो स्वतःही संगीत आणि अध्यात्म यांवर व्याख्यानं देऊ लागला. घेतलेलं सोंग हळूहळू अंगात भिनत गेलं होतं.

याच जगात एक उलटी गोष्टही घडत होती. पेरू देशाची गायिका इमा सुमाक हिची १९५० ची रेकॉर्ड गाजली. ती खरोखरच पेरूची होती. पण ती ब्रुकलीनची एमी कॅमस असून नाव उलटं करून लोकांना फसवतेय, अशी वावडी उठली आणि वर्षानुवर्षं टिकली. खऱ्या पेरूच्या बाईवर लोकांनी संशय घेतला आणि मिसुरीच्या माणसाला डोळे झाकून दिल्लीकर मानलं. एक्झॉटिकाच्या दुनियेत खरं काय यापेक्षा चित्रात काय शोभतं, याला किंमत होती.

उतरती कळा आणि दुसरा डाव

१९५५ मध्ये उस्ताद अली अकबर खाँ अमेरिकेत आले, पाठोपाठ पंडित रविशंकर. अमेरिकेने खरे राग, खरा सरोद आणि सतार ऐकली. साठच्या दशकात रॉक संगीताने तरुणांना ओढून नेलं. टिकी बार जुनाट वाटू लागले. कोर्ला ऑर्गन शिकवायचा, छोट्या कार्यक्रमांत वाजवायचा, जुन्या चित्रपटगृहांत मूकपटांना साथ करायचा.

१९९० च्या दशकात नव्या पिढीला जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत एक्झॉटिका पुन्हा सापडलं. सत्तरीतल्या कोर्लाला परत बोलावणी येऊ लागली. १९९४ च्या 'एड वुड' या टिम बर्टनच्या चित्रपटात तो स्वतःच्याच भूमिकेत दिसला. फेटा तोच, खडा तोच.

ऑक्टोबर १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी त्याचा मृत्यू झाला, भारतीय म्हणूनच. २००१ मध्ये आर. जे. स्मिथ या पत्रकाराने 'लॉस एंजेलिस' मासिकात लेख लिहून जॉन रेडची कहाणी जगापुढे आणली. २०१४ मध्ये 'कोर्ला' हा माहितीपट आला. तेव्हा हेही समोर आलं की, नातेवाइकांना आणि काही जुन्या कृष्णवर्णीय संगीतकारांना सगळं माहीत होतं. त्यांनी कुणीही तोंड उघडलं नव्हतं. ते उघडलं असतं तर त्याचं काय होईल, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार?

मग हा लबाड की बिचारा?

त्याने भारताचं खोटं चित्र विकलं, हे खरं आहे. गूढ, मुका, डोळ्यांनी भुरळ घालणारा पूर्वेकडचा माणूस ही अमेरिकेची कल्पना त्याने आणखी घट्ट केली. पुढच्या काळात तिथे गेलेल्या कितीतरी भारतीयांना या कल्पनेशी झगडावं लागलं.

पण या सोंगाची किंमत त्यानेही मोजली. बोटांतली कला पूर्णपणे त्याची होती, तरी ती त्याला स्वतःच्या नावावर मिरवता आली नाही. आईवडिलांचं नाव, गाव, लोक यांच्याबद्दल चारचौघांत एक शब्द काढता आला नाही. अमेरिकेतले गोरे प्रेक्षक संध्याकाळी दोन तास टिकी बारमध्ये बसून खोट्या बेटावर जायचे आणि मग आपल्या खऱ्या घरी परतायचे. जॉन रेडला मात्र त्या खोट्या देशातच कायमचं घर करावं लागलं, कारण त्याच्या खऱ्या देशात त्या ऑर्गनसमोर बसायला त्याला जागा नव्हती.

त्याचे जुने कार्यक्रम आज इंटरनेटवर पाहायला मिळतात. बघाल तेव्हा फेट्यावरची नजर जरा काढून त्याच्या हातांकडे लक्ष द्या. त्या हातांत बनावट काहीही नव्हतं.